हयातीचा दाखला

नोव्हेंबर महिना लागला की आमच्या बँकेत न मेलेल्या माणसांची रांग लागते. एरवी ही मंडळी वर्षभर आपापल्या घरी, पारावर, नाहीतर कंकालेश्वराच्या देवळात बिनबोभाट जिवंत असतात. त्यांच्या जिवंत असण्याबद्दल कुणाची तक्रार नसते; असलीच तर सुनेची. पण नोव्हेंबर आला की सरकारला शंका येते, आपण ज्यांना पेन्शन पाठवतो ते आहेत ना? मग हे सगळे पेन्शनर काठी, पिशवी आणि पासबुक घेऊन माझ्या काउंटरसमोर येतात आणि आपण जिवंत असल्याचं लेखी देतात. यमाच्या दरबारी जे काम चित्रगुप्त करतो, ते पेन्शनीपुरतं बीडमध्ये मी करतो. फरक इतकाच की चित्रगुप्ताला बढतीसाठी जे.ए.आय.आय.बी.ची परीक्षा द्यावी लागली नव्हती.

२०२५ च्या नोव्हेंबरात नेहमीप्रमाणे आमचे गुरुजी आले. पहिली ते चौथी त्यांनी मला शिकवलं. पुढे मी बी.कॉम. झालो, त्यात त्यांचा काही दोष नाही.

“गुरुजी, आधार कार्ड आणलंय का?” मी विचारलं.

“अरे, मी समोर उभा आहे.”

“ते मला दिसतंय गुरुजी. बँकेला दिसत नाही.”

“मग बँकेला पुढच्या बाकावर बसव.”

आधार कार्ड निघालं. मग सहीची वेळ आली. आमच्याकडची नमुना सही त्यांच्या निवृत्तीच्या वर्षाची, घोटीव आणि ठसठशीत. आता हात थरथरतो. ज्या माणसाने माझा हात धरून मला ‘ग’ गिरवायला लावला, त्याला मी सांगत होतो की गुरुजी, तुमचं अक्षर जुळत नाही! शेवटी अंगठ्याच्या यंत्राकडे नेलं. १० नोव्हेंबर २०१४ ला सरकारने ‘जीवन प्रमाण’ सुरू केलं, तेव्हापासून जिवंतपणा यंत्रावरही सिद्ध करता येतो. पण आयुष्यभर खडू धरून गुरुजींच्या बोटांच्या रेषा झिजल्या असाव्यात. यंत्र दोनदा ‘नाही’ म्हणालं. तिसऱ्यांदा बोट धोतराला पुसून ठेवलं, तेव्हा कुठे हिरवा दिवा लागला.

“झालं गुरुजी.”

“पास?”

“पास.”

“किती मार्कांनी?” एवढं विचारून गुरुजी काठी टेकत निघून गेले.

एरवी मी ही गोष्ट जेवणाच्या सुट्टीत सांगून चार जणांना हसवलं असतं आणि विसरून गेलो असतो. पण त्याच सुमारास आमच्या घरात दोन बायका असाच दाखला मिळवण्याच्या खटपटीत होत्या. एक माझी थोरली बहीण, आमची अक्का. दुसरी तिची मुलगी, म्हणजे माझी भाची. दोघीही शिक्षिका. अक्का धारूर तालुक्यात डोंगराकडच्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत, आणि भाची दुबईला ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत. मायलेकींच्या मध्ये एक अरबी समुद्र. पण दोघींना एकच प्रश्न विचारला गेला होता: तुम्ही शिक्षक आहात, हे कशावरून?

आधी भाचीचं सांगतो. कारण परदेशची गोष्ट आधी सांगितली की घरची गोष्ट लोक नीट ऐकतात.

भाची बी.एस्सी., बी.एड.; गणित शिकवते. तीन वर्षं त्या शाळेत नोकरी झाल्यावर तिच्या लक्षात आलं की अशा शाळांच्या जाहिरातींत ‘क्यूटीएस असल्यास प्राधान्य’ असं सारखं येतं. क्यूटीएस म्हणजे इंग्लंडच्या शिक्षण खात्याने मारलेला शिक्का, की ही बाई पात्र शिक्षक आहे. पूर्वी आपल्याकडच्या माणसाला तो मिळवायचा तर नव्याने शिक्षण घ्यावं लागे, नाहीतर तिथल्या एखाद्या संस्थेकडून वर्ग तपासून घ्यावा लागे. फेब्रुवारी २०२३ पासून इंग्लंडने नऊ नव्या देशांतल्या शिक्षकांना थेट अर्जाची सोय केली. त्यात भारत आहे, घाना आहे, जमैका आहे, झिंबाब्वेही आहे. मात्र भारतातल्या शिक्षकाने गणित, विज्ञान किंवा भाषा यांपैकी काही शिकवायला हवं, आणि तेही अकरा ते सोळा वयाच्या मुलांना. इतिहास-भूगोलवाल्यांनी इतिहासजमा व्हायचं. दुकानात ज्या मालाची टंचाई असते त्या मालाच्या व्यापाऱ्याला दुकानदार जास्त प्रश्न विचारत नाही, हे तत्त्व आम्हाला बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

अर्ज फुकट होता. हे ऐकताच माझ्यातला बँकवाला सावध झाला. मी तिला सांगितलं, “बये, ओटीपी कुणाला देऊ नकोस.” पण खरोखरच फुकट होता. पदवी दाखवा, बी.एड. दाखवा, इंग्रजी येत असल्याचा पुरावा द्या, किमान एक शैक्षणिक वर्ष शिकवल्याची खात्री शाळेकडून पटवा, आणि कुठे शिकवायला बंदी झालेली नाही ना, ते सांगा. बस्स. नोकरी चालू, पोरांच्या वह्या तपासणं चालू, आणि रात्री बसून हे कागद चढवणं चालू. दिवाळीच्या सुमारास तिला मेल आला, तुम्हाला क्यूटीएस दिला आहे.

“मग आता काय फरक पडला?” मी व्हिडिओ कॉलवर विचारलं.

“काही नाही मामा. काल शिकवत होते तसंच आज शिकवलं. सहीखाली तीन अक्षरं वाढली.”

आता यातली गंमत बघा. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचं बी.एड. इंग्लंडच्या शिक्षण खात्याला चाललं. पण हीच मुलगी उद्या परत येऊन आपल्या आईच्या शाळेत सहावीला गणित शिकवते म्हणाली, तर चालणार नाही. कारण तिने टीईटी दिलेली नाही. म्हणजे लंडनला पात्र, धारूरला अपात्र! उलट इंग्लंडातही, भरमसाट फी घेणाऱ्या ज्या खासगी शाळा आहेत, त्यांना शिक्षक नेमताना हा शिक्का कायद्याने बंधनकारक नाही. गरिबाच्या पोराला शिकवायचं तर दाखला हवा आणि लॉर्डाच्या पोराला शिकवायचं तर नसला तरी चालेल, याचा अर्थ लावत मी एक रात्र जागून काढली. अर्थ लागला नाही, ॲसिडिटी झाली.

आता अक्काकडे येतो.

अक्का डी.एड. २००१ साली शिक्षणसेवक म्हणून लागली, तीन वर्षं मानधनावर काढली, मग कायम झाली. त्या वेळी टीईटी नावाची वस्तू अस्तित्वातच नव्हती. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा. त्याखाली राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० ला शिक्षकांच्या पात्रता ठरवल्या, त्यात ही परीक्षा आली. आणि महाराष्ट्रात ती पहिल्यांदा झाली २०१३ च्या डिसेंबरात. जुन्या शिक्षकांना ती लागू नाही, असंच सगळे धरून चालले होते. मग १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरली आहे, त्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना सवलत, पण त्यांना बढती नाही. अक्काची नऊ वर्षं उरलेली.

दाजींनी पेपरातली बातमी मोठ्याने वाचली. अक्का पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

“चोवीस वर्षं मी वर्गात काय बसवलं मग? गणपती?”

यावर बोलण्याची कुणाची छाती नव्हती. मी अर्थातच बहिणीच्या बाजूने उभा राहिलो, कारण पोळ्या तिच्या हातात होत्या. म्हणालो, “हा अपमान आहे. पोहून पैलतीराला लागलेल्या माणसाला विचारायचं, तुम्हाला पोहता येतं का?”

दाजी एस.टी.त ड्रायव्हर. बोलणं कमी. बीडला रेल्वे आली १७ सप्टेंबर २०२५ ला. तोपर्यंत बीडचं माणूस जगात कुठेही गेलं तरी सुरुवात दाजींच्याच खात्याच्या गाडीने करी, त्याचा एक शांत अभिमान त्यांच्या चेहऱ्यावर असतो. ते म्हणाले, “माझं लायसन दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं. डॉक्टर डोळे तपासतो. मी कव्हा म्हणलो का, की अपमान झाला? माझ्यामागं पन्नास माणसं बसलेली असतात. त्यांना काय माहीत, मला दिसतंय का नाही?”

“माझ्यामागं कुणी बसत नाही,” अक्का म्हणाली.

“तुझ्यापुढं बसतात. तेच की.”

दाजी जेवून ड्युटीवर गेले. अक्काने दुसऱ्या दिवशी टीईटीचं जाडजूड पुस्तक आणलं.

पहिल्या पेपरात दीडशे प्रश्न, दीडशे गुण, वेळ अडीच तास. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस. खुल्या वर्गाला साठ टक्के, म्हणजे नव्वद गुण हवेत. चुकलं तर गुण कापत नाहीत, ही एक दया. शनिवार-रविवारी मी जाऊन प्रश्न विचारायचे आणि अक्काने उत्तरं द्यायची, असं ठरलं. लहानपणी ती मला पाढे विचारायची आणि चुकलो की कान पिळायची. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा पुस्तक माझ्या हातात होतं. मी थोडासा सूड घेतला, हे कबूल करतो.

पहिल्या आठवड्यात आमची करमणूकच झाली. ‘मूल वर्गात सारखं खिडकीबाहेर बघत असेल तर शिक्षकाने काय करावं?’ असा एक प्रश्न होता. चार पर्याय दिले होते. अक्का म्हणाली, “बाहेर काय चाललंय ते आधी बघावं. गेल्या खेपेला बाहेर साप होता.” हा पर्याय पुस्तकात नव्हता. मी तिला शून्य दिलं. मग दोघंही हसलो.

पण हसता हसता माझं बँकेतलं मन हिशेब करत होतं. आम्ही पाच हजारांचं कर्ज देताना कागद मागतो. खातं उघडताना ओळख मागतो. बरं, ती ओळख पुन्हा पुन्हा तपासायचा नियम आहे: कमी जोखमीच्या माणसाची दहा वर्षांनी, मधल्याची आठ वर्षांनी आणि जास्त जोखमीच्या माणसाची दोन वर्षांनी. माझ्या सख्ख्या सासऱ्यांना मी केवायसीची नोटीस काढली आहे. त्यानंतरचे चार सण मला जड गेले. मी सासऱ्यांना ओळखत नाही का? ओळखतो. जरा जास्तच ओळखतो. पण बँक म्हणजे मी नव्हे. उद्या माझी बदली परळीला झाली आणि या खुर्चीवर नवा पोरगा आला, तर त्याने सासऱ्यांना कशावरून ओळखायचं?

दाखला असतो तो न ओळखणाऱ्यासाठी. ओळखणाऱ्याला तो नेहमीच अपमान वाटणार. अक्काच्या गावात अक्काला दाखला विचारणारा माणूस वेडाच ठरेल. पण दुसऱ्या एखाद्या गावात असाही एखादा मास्तर असेल, जो चोवीस वर्षं नुसती सही करून पगार घेतो. आणि कागदावर तो आणि अक्का अगदी सारखे दिसतात, तेवढीच सेवा, तेवढीच वेतनश्रेणी. त्या गावच्या आयांनी काय करायचं?

आणि आमच्याकडच्या आया म्हणजे कोण, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. दसरा झाला की आमच्या डोंगरपट्ट्यातली गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, माणसं मोजायची पद्धतच तशी. असे कोयते ट्रकमध्ये भरून पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे कारखान्यावर जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. काही पोरं बरोबर जातात, काही म्हातारीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. जाताना ती आई शाळेत येते आणि अक्काला म्हणते, “बाई, लेकराकडं बघा.” एवढंच. डी.एड.चं सर्टिफिकेट बघत नाही, टीईटीचे मार्क विचारत नाही. तिला वाचताच येत नसेल तर ती कशी विचारणार? सहा महिन्यांसाठी पोटचं पोर ती बिनजामीन उधार देऊन जाते. जगातली कुठलीही बँक असं कर्ज देणार नाही.

मग तिच्या वतीने कुणीतरी विचारायला नको का?

हे मी अक्काला बोलून दाखवलं. ती म्हणाली, “विचारा की. पण चोवीस वर्षं कुठं होते? वर्गात येऊन मागच्या बाकावर बसून एक तास बघितलं कुणी? येतात ते खिचडीचं रजिस्टर बघतात, संडासाचा फोटो काढतात आणि जातात. आता एकदम दीडशे गोळे काळे करा म्हणतात.”

हेही खरं. शिवाय दाखला देणाराच्या दाखल्याचं काय? २०२१ च्या डिसेंबरात याच टीईटीचा घोटाळा उघडकीस आला. परीक्षा परिषदेच्या तेव्हाच्या आयुक्तांनाच अटक झाली, आणि पुढे २०१९-२० च्या परीक्षेतल्या साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. म्हणजे पैसे मोजून हयातीचा दाखला मिळवलेले इतके निघाले. माझ्या टेबलावर एवढं घडलं असतं तर मी आज हा लेख लिहायला मोकळा नसतो.

अशा रीतीने आमची चर्चा दर रविवारी बरोबरीत सुटत होती. मग दिवाळीनंतरचा एक रविवार आला.

बालमानसशास्त्राचं प्रकरण चालू होतं. मी विचारलं, “बुद्धी सामान्य किंवा चांगली असूनही ज्या मुलाला वाचताना अक्षरं ओळखायला सतत अडचण येते, सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत गोंधळ होतो, त्याला कोणती अध्ययन अक्षमता असण्याची शक्यता आहे? एक, डिस्लेक्सिया. दोन, डिस्कॅल्क्युलिया...”

“डिस्लेक्सिया,” अक्का म्हणाली.

“बरोबर. एक गुण. पुढचा...”

पुढचा प्रश्न मी वाचला. उत्तर आलं नाही. वर बघितलं, तर अक्का भिंतीकडे बघत होती.

“तो घ ला ध म्हणायचा,” ती म्हणाली.

कोण, ते मला कळायला वेळ लागला. २००७-०८ साली तिच्या चौथीच्या वर्गात एक पोरगा होता. माझी भाचीही त्याच वर्गात, त्याच्याच शेजारच्या बसकरावर. तोंडी हिशेबात वर्गात पहिला. उसाचं टनाचं गणित बोटांवर सोडवायचा. पण पुस्तक उघडलं की गाडी थांबली. अक्का त्याला कामचुकार म्हणायची. सगळ्यांदेखत उभं करायची, दहा-दहा वेळा लिहायला लावायची. दहा वेळा तो चुकीचंच लिहायचा. “मला वाटायचं, मुद्दाम करतो,” अक्का म्हणाली.

त्याच वर्षी, २००७ च्या डिसेंबरात, ‘तारे जमीं पर’ आला होता. अशाच मुलाचा सिनेमा. आम्ही सगळे मिळून बघायला गेलो होतो. अक्का इतकी रडली की दाजींनी मध्यंतरात तिला सोडा पाजला. पण तो पडद्यावरचा पोरगा मुंबईचा होता, गोरागोमटा होता, पाचगणीच्या शाळेत गेला होता. आपल्या वर्गात कोपऱ्यात बसणारं, नाकाला शेंबूड असलेलं पोरगं तेच आहे, हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. सिनेमासाठी सगळे रडलो, आणि सोमवारी अक्काने शाळेत जाऊन त्याला पुन्हा उभं केलं.

सहावीत त्याने शाळा सोडली. आता तो कोयता आहे.

रात्री भाचीचा कॉल आला, तेव्हा अक्काने तिला विचारलं, “तो आठवतो का गं?”

“न आठवायला काय झालं? बेरजा तोच सांगायचा मला. मी त्याला धडा वाचून दाखवायची, तू पाठ वळवलीस की.” मग भाची जरा थांबली. “आमच्याकडं असं पोर आढळलं की तपासून घेतात आई. परीक्षेत जादा वेळ देतात. शिक्षकांची जी आठ मानकं आहेत ना तिकडची, त्यात पाचवं हेच आहे. प्रत्येक पोराला जमेल असं शिकवणं बदलायचं.”

“आपल्याकडंही आहे,” अक्का म्हणाली. “२०१६ च्या कायद्यात आहे. पुस्तकात दिलंय.” आणि मग हळूच म्हणाली, “मला हा प्रश्न तेव्हाच विचारायला पाहिजे होता गं कुणीतरी.”

त्या दिवसापासून मी बहिणीच्या बाजूने भांडायचं सोडलं. कारण तिचीच बाजू बदलली होती. तोवर मला वाटत होतं की प्रश्न मान-अपमानाचा आहे. अनुभवी माणसाला पुन्हा परीक्षेला बसवावं की नाही? गुरुजींना अंगठा लावायला सांगावं की नाही? आता वाटतं, तो प्रश्न आपण उगाच आपल्याभोवती फिरवत ठेवतो. अनुभव चांगला असतो. पण अनुभव स्वतःची चूकही चोवीस वर्षं तितक्याच सफाईने करायला शिकवतो. माझंच बघा. मी वीस वर्षं चलनाच्या एका रकान्यात तारीख चुकीच्या जागी लिहीत होतो, आणि नव्या पोराने दाखवलं तेव्हा त्यालाच ‘अनुभव नाही’ म्हणून गप्प केलं. चलन रद्द करून दुसरं करता येतं. चौथीतलं पोर रद्द करून दुसरं करता येत नाही.

दीडशे गोळ्यांनी शिक्षक ठरतो, असं मी अजूनही म्हणत नाही. सहीखालच्या तीन अक्षरांनीही ठरत नाही. भाची स्वतःच ते म्हणाली. मास्तरला एकदम चोवीस वर्षांनी प्रश्न विचारायचा आणि तोही नोकरी जाण्याच्या धाकाने, हे न्यायाचं वाटत नाही. पण विचारूच नये, हेही आता मला म्हणवत नाही. विचारायला हवं ते लवकर, आणि वर्गात बसून. उशीर झाला म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. उशिराची किंमत अक्काने मोजलेली नाही; ती ज्याने मोजली तो कारखान्याच्या फडात आहे.

२३ नोव्हेंबर २०२५, रविवार. परीक्षेचं केंद्र बीडला होतं. मी स्कूटरवर अक्काला सोडलं. फाटकाबाहेर नवरेमंडळी कडेवर पोरं आणि हातात डबे घेऊन उभी, आत आया. परीक्षेच्या केंद्रावर असं दृश्य मी जन्मात पाहिलं नव्हतं. अक्काच्या शेजारच्या बाकावर तिचीच एक जुनी विद्यार्थिनी आली. तिने उठून नमस्कार केला. अक्काने सवयीने विचारलं, “अभ्यास झालाय ना?” तेवढ्यात पर्यवेक्षक ओरडले, “बाई, बोलू नका!” आयुष्यभर हे वाक्य दुसऱ्यांना ऐकवलेल्या अक्काला ते पहिल्यांदा ऐकावं लागलं. बाहेर आल्यावर तिने आधी हेच सांगितलं. पेपर कसा गेला, ते मी विचारल्यावर सांगितलं. म्हणाली, “बरा गेला.” शिक्षक लोक मुलांच्या ज्या उत्तरावर कधी विश्वास ठेवत नाहीत, तेच.

निकालाचं इथे लिहीत नाही. तो परीक्षा परिषदेचा विषय.

डिसेंबरातला दुसरा शनिवार, म्हणजे बँकेला सुट्टी. अक्काच्या काही कागदांवर सह्या हव्या होत्या म्हणून मी सकाळच्या शाळेलाच गावी गेलो. बाकीची पोरं पटांगणात होती. वर्गात अक्का जमिनीवर बसली होती आणि पुढे दुसरीतली एक मुलगी. मध्ये स्टीलच्या ताटात रवा पसरलेला. ही मुलगी कुणाची, ते मला अक्काने आधीच सांगितलं होतं. आईबाप दसऱ्यानंतर कारखान्यावर गेलेत, ही आजीपाशी आहे. “नक्की तेच आहे का, ते मला सांगता येत नाही,” अक्का म्हणाली होती. “तालुक्याला तपासणी असते, तिथं नाव दिलंय. पण तोवर हात बांधून कशाला बसू?”

मुलगी रव्यात बोटाने ‘घर’ लिहीत होती. लिहून झालं. वाचलं तर ‘धर’.

अक्काने ताट हलवून रवा सपाट केला. पोरीचं बोट आपल्या हातात धरलं, अगदी तसंच जसं गुरुजींनी एकदा माझं धरलं होतं. दोघींनी मिळून ते वळण काढलं. मग पोरीने एकटीने काढलं. ‘धर’. पुन्हा रवा सपाट. पुन्हा बोट. अक्काचा आवाज चढला नाही. मी कागद हातात घेऊन दारात उभा होतो. सवयीने घड्याळ बघितलं आणि सवयीनेच हिशेब केला. टीईटीत दीडशे प्रश्नांना दीडशे मिनिटं, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. इथे एका ‘घ’ला सतरा मिनिटं झाली होती, आणि अक्काने अजून एकदाही घड्याळाकडे पाहिलं नव्हतं.